फोटोची चौकट आणि आढाव्याची वही : वर्गात नेहमी येणारे प्रश्न

फोटोग्राफीच्या पहिल्या सत्रात रचनेबद्दल आणि स्वतःच्या कामाचा आढावा घेण्याबद्दल मुलं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. क्रम साधारण सत्राच्या क्रमानेच आहे, पण घाई असेल तर कॉन्टॅक्ट शीट (सगळे फोटो एकाच कागदावर छोटे छापलेला तक्ता) आणि वहीबद्दलचे प्रश्न आधी वाचा. बहुतेकांचं काम तिथेच अडतं.

मोबाइल चालेल की कॅमेरा घ्यावाच लागेल?

मोबाइल चालतो. रचना शिकायला महागडा कॅमेरा लागत नाही, उलट पहिले काही आठवडे त्याची बटणंच डोकं खातात. मोबाइलवर तीन गोष्टी आधी करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड, म्हणजे पडद्याचे नऊ सारखे भाग करणाऱ्या रेषा, सुरू करा. लेन्स मऊ सुती कापडाने पुसा, कारण बोटांचं तेल तिच्यावर बसतं आणि रात्रीच्या दिव्यांभोवती जो धुरकट पसारा दिसतो तो बहुतेक वेळा त्याचाच असतो. आणि दोन बोटांनी पडदा ताणून झूम करणं बंद करा. त्यात अनेकदा मधला तुकडा कापून मोठा केला जातो, बारकावे जातात. जवळचं हवं असेल तर चालत जा.

कॅमेरा असेल तर सोबत मिळणारी १८–५५ मिलिमीटरची लेन्स पुरते. पहिल्या चार कामांसाठी झूम ३५वर आणून ठेवा आणि कडं फिरू नये म्हणून चिकटपट्टी लावा. एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर ३५ म्हणजे फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवरच्या, ५०च्या जवळपास. झूम हाताशी असलं की माणूस एका जागी खिळून राहतो. चिकटपट्टी त्यासाठी आहे.

रचना म्हणजे नेमकं काय?

चार निर्णय. कुठे उभं राहायचं, चौकटीत काय घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं आणि बटण कधी दाबायचं. नवशिके सगळी ताकद दुसऱ्या निर्णयावर लावतात. फोटो सुधारतो तो मात्र बहुधा पहिल्या आणि तिसऱ्यामुळे.

पुठ्ठ्याची खिडकी कशासाठी करायला सांगता?

कॅमेऱ्याशिवाय पाहायची सवय लागावी म्हणून. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतातच, त्यातला जाड कागद घ्या. मधोमध ४.८ सेंटिमीटर उंच आणि ७.२ सेंटिमीटर रुंद खिडकी ब्लेडने कापा. डोळ्याकडची बाजू काळ्या स्केचपेनने रंगवा, म्हणजे चकाकी डोळ्यावर येणार नाही. कडेला दोरा बांधून त्याला ५, १० आणि २० सेंटिमीटरवर गाठी मारा. आता एक डोळा मिटा आणि गाठ उघड्या डोळ्याशेजारी गालाच्या हाडावर टेकवून दोरा ताणा. १०च्या गाठीला जे दिसतं ते ५० मिलिमीटरच्या लेन्सचं दृश्य. ५च्या गाठीला मोबाइलच्या मुख्य लेन्सच्या आसपासचं, २०च्या गाठीला १०० मिलिमीटरचं. हिशोब सोपा आहे. फुल-फ्रेम सेन्सर २४ × ३६ मिलिमीटरचा असतो, खिडकी त्याच्या दुप्पट, म्हणून डोळ्यापासूनचं अंतरही लेन्सच्या आकड्याच्या दुप्पट.

ही खिडकी घेऊन एसटी स्टँडवर किंवा सोसायटीच्या गेटपाशी वीस मिनिटं बसा आणि वहीत काडेपेटीएवढ्या दहा चौकटी काढा. चित्र चांगलं येण्याची गरज नाही, गडद भाग नुसता गिरगटला तरी चालेल. ज्यांना हे बालिश वाटतं त्यांनी ते दोनदा करावं.

एक-तृतीयांशचा नियम पाळलाच पाहिजे का?

नाही. चौकट दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांनी नऊ सारख्या भागांत वाटायची आणि महत्त्वाचं त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर ठेवायचं, असं तो सांगतो. पण तो नियमही नाही, सवय आहे. या नावाने तो पहिल्यांदा छापून आला १७९७मध्ये. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज खोदचित्रकाराने ग्रामीण निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात तो मांडला, आणि त्याचा मुद्दा होता जमीन-आकाश, उजेड-सावली यांनी चित्रात बरोबरीने जागा वाटून घेऊ नये एवढाच. चारही छेदबिंदूंपैकी एकावर डोळा बसवलाच पाहिजे, हा हट्ट नंतरचा.

तो कामाला येतो तो अशा वेळी : मरीन ड्राइव्हवर उभे आहात, क्षितिज मधोमध गेलंय आणि फोटो दोन सारख्या पट्ट्यांत तुटलाय. तिथे स्वतःला विचारा, आज बघण्यासारखं वर आहे की खाली? पावसाचे ढग दाटून आलेत तर क्षितिज खालच्या रेषेवर आणा. ओल्या कठड्यावर बसलेली माणसं हवी असतील तर वरच्या. माणूस डावीकडे पाहत असेल तर त्याला उजव्या बाजूला ठेवा, म्हणजे नजरेपुढे मोकळी जागा राहते.

पण सभामंडपातून गाभाऱ्याकडे पाहताना मूर्ती, समई आणि कमान एका रेषेत असतात. तिथे नियमासाठी बाजूला सरकलात तर मंदिराची मांडणीच मोडते. रांगोळीचंही तेच. आणि वारली चित्रातला तारपा नाच आठवा. मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची गुंडाळत गेलेली साखळी, क्षितिजाची रेषाच नाही. नजर तरीही भरकटत नाही, कारण साखळी तिला धरून फिरवते. नजरेला वाट मिळाली पाहिजे. ती ग्रिडनेच मिळते असं नाही.

मधोमध ठेवायचं ठरवलंत तर मात्र काटेकोर ठेवा. किंचित सरकलेली समरूपता ही निव्वळ चूक दिसते.

माझ्या फोटोत फार गर्दी होते. मंडईत तर काहीच कळत नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

भाजीच्या गाळ्यासमोर उभं राहिलात की डोळा आपोआप निवड करतो. तुम्हाला भाजीवाल्या आजी दिसतात. कॅमेऱ्याला त्यांच्यामागची निळी ताडपत्री, लोंबकळणारा बल्ब, शेजारच्या गाळ्याचा फ्लेक्स, तुमच्या समोरून गेलेली पिशवी, सगळं सारख्याच इमानाने दिसतं. म्हणून आधी वाक्य करा. 'आजी पारड्यात मिरची टाकताहेत' हे वाक्य झालं, 'मंडई' हा नुसता शब्द आहे. वाक्यात कर्ता आणि क्रियापद असेल तर चौकटीत काय ठेवायचं ते ठरतं : हात, पारडं, मिरची, जमलं तर चेहरा. बाकी सगळं उमेदवार आहे, त्याला जागा मिळेलच असं नाही.

मग दोन पावलं पुढे जा. बहुतेक जण विषयापासून गरजेपेक्षा दुप्पट लांब उभे असतात. त्यानंतर उंची बदला. गुडघ्यावर बसलात की पुढच्या टोपल्या वर येतात आणि मागचा पसारा त्यांच्याआड जातो. उलट एखाद्या पायरीवर चढून खाली पाहिलंत तर माणूस लहान होतो, पण भाज्यांच्या राशींची नक्षी उलगडते. दोन्ही बरोबर आहे, वाक्य कोणतं आहे त्यावर ठरेल.

आता उजेड. चौकटीत सर्वांत उजळ आणि सर्वांत भडक काय आहे ते शोधा. नजर आधी तिथेच जाणार. तो पेटलेला बल्ब किंवा पांढरी प्लॅस्टिकची पिशवी असेल तर आजींवर कोणी येणारच नाही. अशी वस्तू काढता येत नसेल तर डोक्यामागे, खांबामागे लपवा किंवा काठाबाहेर ढकला.

शेवटी काठ. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकदा फिरवा. दोन सेकंद लागतात. अर्धा कापलेला हात, कोपऱ्यातली चप्पल, वरून उतरलेली तार इथेच सापडते. कापायचं तर सांध्यावर कापू नका. मनगटावर, गुडघ्यावर, घोट्यावर कड आली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. दंडावर किंवा मांडीवर आली तर खुपत नाही.

एवढं झालं की थांबा. हलू नका, गिऱ्हाईक येऊ द्या. चौकट तयार ठेवून वाट पाहणं हे चौथ्या निर्णयाचं काम आहे आणि त्याला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात.

डोक्यातून खांब उगवतो, तो काढताना का दिसत नाही?

कारण तुम्ही दोन डोळ्यांनी पाहत असता. खांब वीस मीटर मागे आहे हे मेंदूला माहीत असतं, म्हणून तो खांबाकडे दुर्लक्ष करतो. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्यामुळे खांब आणि डोकं एकाच पानावर चिकटतात. उपाय : फोटो काढण्याआधी एक डोळा मिटून पाहा.

मग सरका. माणूस तुमच्यापासून दोन मीटरवर आणि खांब वीस मीटरवर असेल, तर तुम्ही फक्त तीस सेंटिमीटर बाजूला गेलात तरी खांब डोक्याच्या तुलनेत सत्तावीस सेंटिमीटर सरकल्यासारखा दिसतो. डोक्याची रुंदी त्याहून कमी असते. म्हणजे एक फुटाचं काम आहे. त्यासाठी माणसाला उठवून दुसरीकडे नेण्याची गरज नसते.

जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं का येतं? लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, अंतर चुकलं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटिमीटर धरा. मोबाइल नाकापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर कान बेचाळीसवर, म्हणजे नाक कानाच्या मानाने ४० टक्के मोठं दिसणार. दीड मीटरवर गेलात तर हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. चेहऱ्यासाठी दीड ते दोन मीटरवर उभे राहा आणि मोबाइलमध्ये वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर नंतर थोडं क्रॉप करा, म्हणजे कडा कापा.

घरी करायचा सराव : मित्राला भिंतीपासून पाच मीटर पुढे उभं करा. एक, तीन आणि नऊ मीटरवरून त्याचे फोटो काढा आणि तिन्ही फोटो असे क्रॉप करा की चेहरा सारख्याच आकाराचा येईल. भिंत कशी जवळ येत गेली ते पाहा. दृष्टिकोन अंतराने बदलतो, लेन्सने नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

वाड्याच्या, देवळाच्या भिंती मागे पडल्यासारख्या येतात.

कॅमेरा वर तिरका धरल्यामुळे. तो सरळ उभा धरा, मागे जा आणि खाली आलेली जास्तीची जमीन नंतर कापा. समोरच्या इमारतीचा पहिला मजला मिळाला तर उत्तमच.

दुपारच्या वर्गात बाहेर उजेड चांगला नसतो. तेव्हा काय करायचं?

दुपारी बाराचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पाडतं, चेहऱ्यांसाठी ते वाईटच. पण तेच ऊन जिन्यांच्या, पत्र्यांच्या, जाळ्यांच्या सावल्या धारदार करतं, म्हणून त्या वेळी सावल्यांचं काम घ्या. चेहरे हवे असतील तर माणसाला व्हरांड्याच्या किंवा दुकानाच्या छपराखाली, सावलीच्या काठापासून एक-दोन फूट आत, तोंड बाहेर करून उभं करा. पावसाळी ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. तेव्हा सावल्या मऊ असतात आणि मंडई, घाट, गल्ली दिवसभर काढता येतात. फक्त पांढरंफटक आकाश चौकटीत जितकं कमी येईल तितकं बरं.

एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ येतो याची, एक चूक मात्र दर वर्षी दिसते. वारीच्या फोटोत पांढरे सदरे आणि टोप्या करड्या येतात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढरं जास्त असेल तर तो फोटो अंधारा करतो, गडद जास्त असेल तर उजळ. म्हणून दिंडीत एक्स्पोजरच्या पट्टीवर +०.७ ते +१, आणि रात्री मंडपाबाहेरच्या अंधारात एकट्या दिव्याशी उभा माणूस असेल तर −१ द्या. मोबाइलवर विषयावर बोट टेकवल्यावर सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर-खाली सरकवली की हेच होतं.

ढोल-ताशाचे फोटो हलतात. शटर किती ठेवू?

टिपरू गोठवायचं तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. हालचालीचा फराटा हवा असेल तर १/३० आणि कोपर छातीशी घट्ट. उजेड कमी असून १/५०० मिळत नसेल तर हात सर्वांत वर गेल्याचा क्षण पकडा. टिपरू खाली येण्याआधी एका टोकाला क्षणभर थांबतं, तिथे १/१२५ही पुरू शकतो. ठेका ऐकून बटण दाबा. हात वर दिसल्यावर दाबलंत तर उशीर झालेला असतो.

एका कामासाठी किती फोटो काढायचे?

छत्तीस. एका फिल्म रोलमध्ये साधारण तेवढेच असत आणि आकडा म्हणून तो अजून बरा आहे. चारशे काढले तर कोणी पाहत बसत नाही, सहा काढले तर पाहण्यासारखं काही नसतं. त्या छत्तिसांपैकी किमान आठ एकाच जागी, एकाच विषयाचे असू द्या : लांबून, जवळून, बसून, चढून, उभी चौकट, आडवी चौकट, एक काठावर ठेवून आणि एक वाट पाहून. मंडईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छत्तीस वेगवेगळ्या गोष्टींचे छत्तीस फोटो आणले तर त्यात शिकण्यासारखं फारसं नसतं, कारण एका निर्णयाची दुसऱ्याशी तुलनाच होत नाही.

फसलेले फोटो पुसून टाकले तर चालतील का?

अजिबात नाही. या वर्गात एवढा एकच नियम आम्ही खरोखर लावून धरतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो तपासून पुसत बसलात तर दोन नुकसानं होतात. एक, समोर घडत असलेलं निसटतं. दुसरं, चांगल्या फ्रेमपर्यंत तुम्ही कसे पोचलात किंवा का पोचला नाहीत याचा माग पुसला जातो. फसलेली फ्रेम काय चुकलं ते स्पष्ट सांगते. जमलेली तेवढं सांगत नाही, ती बऱ्याचदा नशिबाने जमलेली असते.

कॉन्टॅक्ट शीट कशी करायची?

छत्तीसच्या छत्तीस फोटो, काढले त्याच क्रमाने, ए४ कागदावर ६ × ६च्या तक्त्यात. प्रत्येक फोटो साधारण तीन सेंटिमीटर रुंद येतो. खाली फ्रेमचा क्रमांक हवाच. रंगीत छपाई परवडत नसेल तर कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून काळी-पांढरी घ्या. रचना पाहायला ती पुरते, कधीकधी जास्त बरी.

शीट हातात आली की लगेच निवडायला बसू नका. आधी लाल पेनने, ज्या फ्रेमनंतर तुम्ही जागा किंवा उंची बदललीत तिथे उभी रेघ मारा. मग रेघा मोजा. छत्तीस फ्रेममध्ये तीनच रेघा असतील तर तुम्ही खिळ्यासारखे उभे होतात. पस्तीस असतील तर एकाही गोष्टीपाशी थांबला नाहीत.

निवड कशी करायची? मला सगळेच आवडतात.

किमान एक रात्र जाऊ द्या. काढताना जी मजा आली ती फोटोत आहे असं त्याच दिवशी वाटतं. आजींनी तुम्हाला काकडी खायला दिली हे फोटोत कुठेच नसतं.

दुसऱ्या दिवशी ३६चे १२ करा, मग १२चे ५. ते पाच ४ × ६ इंचात छापून घरी फरशीवर मांडा आणि उभे राहून पाहा. डोळे किलकिले करा : आकार अजून वेगळे दिसतात की सगळ्याचा एक राखाडी गोळा झाला? फोटो उलटा फिरवा. डोकं खाली झालं की माणूस-भाजी-रस्ता ही नावं गळून पडतात आणि वजन कुठल्या बाजूला कलतंय ते दिसतं. नंतर मोबाइलवर तोच फोटो नखाएवढा करून पाहा. एवढ्या आकारातही काय चाललंय ते कळत असेल तर रचना घट्ट आहे. पाचांतून तीन वर्गात आणायचे. चौथा वहीत ठेवा, त्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

वर्गातली चर्चा कशी चालते? बोलायचं काय?

प्रत्येक फोटोला आठ मिनिटं. पहिली पाच मिनिटं ज्याचा फोटो आहे त्याने गप्प बसायचं. फोटोला स्वतःची बाजू स्वतःच मांडता येते का ते त्यातून कळतं. 'तिथे खरं तर मागे एक बाबा पण होते' असं सांगावं लागलं तर ते बाबा चौकटीत आले नाहीत.

बोलण्याचा क्रम अमेरिकी कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांच्या पद्धतीचा आहे : आधी वर्णन, मग विश्लेषण, मग अर्थ, सर्वांत शेवटी निवाडा. वर्णन म्हणजे जे दिसतं तेवढंच. 'डावीकडे हात, मधे पारडं, उजवा तिसरा हिस्सा निळा.' विश्लेषण म्हणजे त्या गोष्टी एकमेकींशी काय करतात. 'हाताची तिरकी रेघ पारड्यापर्यंत नेते, पण निळा रंग परत बाहेर ओढतो.' 'अर्थ' या पायरीवर हात कष्टाळू वाटतो की घाईत वाटतो हे येतं. मग निवाडा. मुलांना थेट निवाड्यावर उडी मारायची घाई असते आणि वर्ग तिथेच संपतो, कारण 'छान' या शब्दाला पुढचं वाक्य नसतं. म्हणून पहिली पाच मिनिटं 'छान', 'भारी', 'मस्त' आणि 'नाही आवडला' या चारही शब्दांना बंदी.

सूचना द्यायची तर कृतीची द्या. 'बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे' हे ऐकून कोणाला काही करता येत नाही. 'गुडघ्यावर बसला असतास तर ताडपत्री टोपल्यांमागे गेली असती' हे उद्या करता येतं.

माझ्या फोटोवर सगळे तुटून पडले तर?

काय बोलले ते शब्दशः लिहून घ्या, उत्तर देऊ नका. दोन दिवसांनी वाचा. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर ती जागा खरंच दुखरी आहे. प्रत्येकाने वेगळं काही सांगितलं असेल तर त्यातलं पटेल ते घ्या, बाकी सोडून द्या.

आढाव्याच्या वहीत काय लिहायचं? 'मला खूप शिकायला मिळालं' असं लिहिलं तर चालेल?

लिहू शकता, त्याला गुण नाहीत. वहीत प्रत्येक कामाला तीन नोंदी हव्यात. निघण्याआधी एक ओळ : आज काय करून पाहणार. परत आल्यावर त्याच रात्री पाच-सहा ओळी. आणि चर्चेनंतर आठवड्याने साधारण १५० शब्द, फ्रेमच्या क्रमांकांसह.

वाईट नोंद अशी असते : 'मंडईत फोटो काढायला खूप मजा आली. विविध रंग आणि भावना टिपण्याचा प्रयत्न केला. पुढच्या वेळी अजून चांगले काढीन.' ही कोणाच्याही, कुठल्याही फोटोखाली चिकटवता येते.

चांगली अशी : 'फ्रेम १४. हात आणि पारडं हवं होतं. मागची निळी ताडपत्री हातापेक्षा उजळ, नजर आधी तिकडे जाते. १५ ते १९मध्ये मी फक्त जवळ गेले, उंची बदलली नाही, म्हणून पाचही फ्रेममध्ये ताडपत्री आहे. २२ला बसले तेव्हा ती टोपल्यांमागे गेली, पण गिऱ्हाईक निघून गेलं होतं. पुढच्या वेळी आधी बसून पाहायचं, मग थांबायचं.' यात एकही मोठा शब्द नाही. काय हवं होतं, काय आलं, कुठल्या निर्णयामुळे आलं आणि आता काय करायचं, एवढंच आहे.

मघाशी बाजूला ठेवलेला चौथा फोटो इथे येतो. तो का वगळला हे चार ओळींत लिहा. ज्या फोटोवर जीव होता आणि तरी काढून टाकावा लागला, त्याच्याबद्दल लिहिताना मुलं खरं बोलतात असा अनुभव आहे.

तारीख, वेळ, शटर, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं तो आकडा) हाताने उतरवू नका. ते फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं, माहितीचं बटण दाबलं की दिसतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर मात्र ती माहिती जाते आणि फोटोही दाबला जातो, म्हणून मूळ फाइल जपा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नंतर क्रॉप करणं म्हणजे फसवणूक नाही का?

नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर २००० × १५०० उरतात, म्हणजे १२चे ३ झाले. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तो जेमतेम ६.७ × ५ इंच छापता येतो. क्रॉप कुठे करायचा हे ठरवायला पुठ्ठ्याचे दोन 'एल' आकाराचे तुकडे करून छापील फोटोवर सरकवा. पडद्यावर बोटाने ओढण्यापेक्षा यात विचार जास्त होतो.

लॅबमध्ये डोकी कापली जातात ते याच गणितामुळे. मोबाइलची चौकट ४:३, छपाई ४ × ६ म्हणजे ३:२. आडव्या फोटोची उंची एक-नवमांश कापली जाते, वरून थोडी, खालून थोडी. आधीच ३:२मध्ये क्रॉप करून द्या किंवा पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो छापायला सांगा.

ब्लॅक अँड व्हाइट केलं की माझे फोटो बरे दिसतात.

रंग गोंधळ करत होते, एवढाच त्याचा अर्थ. कोणता रंग ते वहीत लिहा आणि पुढच्या वेळी तो चौकटीबाहेर ठेवा.

कोणाचं काम पाहावं?

छायाचित्रकार रघुवीर सिंह यांचं रंगीत काम पाहा. गर्दी नीट कशी लावायची हे त्यांच्याइतकं थोड्यांना जमलं, आणि ॲम्बेसेडर गाडीची दारं-खिडक्या वापरून एका चौकटीत चार चौकटी कशा बसवल्या तेही. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या होत्या. त्या रोलायफ्लेक्सही वापरत. तो छातीशी धरून वरून डोकावून पाहायचा कॅमेरा, त्यामुळे नजर खालून येते आणि माणसं उंच उभी राहतात. पण नुसतं पाहून काही होत नाही. फोटोची प्रिंट घ्या, त्यावर बटर पेपर ठेवा, सर्वांत गडद पाच आकार आणि सर्वांत उजळ एक जागा पेन्सिलने काढा, मग फोटो काढून घ्या आणि नुसता कागद पाहा. आठवड्याला एक पुरे.

अनोळखी माणसांचे फोटो काढताना परवानगी घ्यायची का?

चेहरा ओळखू येईल असा जवळचा फोटो असेल तर घ्या, आधी किंवा लगेच नंतर. 'कॉलेजचं काम आहे, काढू का?' एवढं पुरतं. नाही म्हणाले तर मान हलवून पुढे जायचं. लहान मुलांसाठी आई-वडिलांना विचारा. घाटावर आंघोळ करणाऱ्यांचे, कपडे बदलणाऱ्यांचे फोटो काढायचेच नाहीत, वारी असो की कुंभमेळा. अनेक देवळांत गाभाऱ्यात फोटोला बंदी असते, दारावरची पाटी वाचा. फोटो दाखवतो, पाठवतो असं कबूल केलंत तर पाठवा. पुढच्या वर्षीची मुलं त्याच गाळ्यावर जाणार असतात.

फोटोचा हक्क कोणाकडे राहतो?

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साधारणपणे काढणाऱ्याकडे. पैसे देऊन कोणी काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर पैसे देणाऱ्याकडे. फोटोला काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. वर्गातल्या कामाला कोणी पैसे देत नाही, तेव्हा ते तुमचंच.

मग कोपऱ्यात नावाचा वॉटरमार्क टाकून आणू का?

वर्गात नको. पांढरी अक्षरं ही चौकटीतली सर्वांत उजळ गोष्ट होते आणि चारही कडा तपासून साफ केलेल्या फोटोत ती तुम्ही स्वतःच्या हाताने आणून ठेवता. नाव, तारीख आणि फ्रेमचा क्रमांक प्रिंटच्या मागे लिहा, पेन्सिलने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.